त्या दांड्याला चिलीम म्हणू नका

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आतल्या पानावर एक फोटो छापलात, लांब चपटा लाकडी दांडा, अर्ध्याला रंगीत पट्टा गुंडाळलेला, मध्ये बदकाच्या मानेची हिरवी कातडी, खाली लाल केसांचे झुपके आणि रिबिनी. फोटोखाली लिहिलं होतं ‘रेड इंडियन टोळीची सजवलेली चिलीम, एका अमेरिकन अधिकाऱ्याला भेट मिळालेली’. मी तो फोटो बघितला आणि चहा तसाच राहिला. पत्र लिहायची मला सवय नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पेडण्याचा. आयुष्यभर तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, म्हणून काम केलं, इंजिनात ऑइलर होतो. वीसेक वर्षांपूर्वी आमचं जहाज गहू भरायला अमेरिकेत डलुथ बंदरात गेलं होतं. नकाशात बघाल तर पटणार नाही, समुद्रापासून इतकं आत, अमेरिकेच्या अगदी पोटात, पण सेंट लॉरेन्स नदीतून वर चढत, एकेक लॉक, म्हणजे पाणी वाढवून जहाज वर उचलणारे दरवाजे, पार करत जहाज थेट लेक सुपीरियरच्या टोकापर्यंत जातं. हा सगळा मुलूख ओजिब्वे लोकांचा. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात, आजच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये आणि पलीकडे कॅनडात ओंटारियो, मॅनिटोबात आहेत, आणि ‘होते’ असं नाही, आजही आहेत. गव्हासाठी नंबर लागेपर्यंत आम्ही बरेच दिवस अडकलो होतो, तेव्हा खलाशांना मदत करणारे एक म्हातारे गृहस्थ आम्हा चौघांना गाडीत घालून एका छोट्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे काचेत असाच एक दांडा होता. आणि काचेजवळ माझ्या आईच्या वयाची एक ओजिब्वे बाई होती, माहिती द्यायला.

मीच तिला विचारलं, ही चिलीम का? आमच्याकडे गोव्यात चिलीम म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं ते मी सांगायला नको. हणजूण आणि हरमलच्या किनाऱ्यावरच्या दुकानांत दगडाच्या, मातीच्या चिलमी टांगलेल्या असतात आणि कुणी कशासाठी घेतो हे लहान पोरालाही कळतं. त्या बाईला चिलीम शब्द काही कळला नाही, मी हाताने ओढून दाखवलं तेव्हा ती हसली नाही की रागावली नाही, मला बाकावर बसवलं आणि सावकाश सांगायला लागली, ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. नंतर घरी आल्यावर मिळेल ते वाचतही गेलो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या फोटोत आहे तो पाईपचा फक्त दांडा आहे. तंबाखू भरायची वाटी त्यात नाहीच. वाटी वेगळी, दगडाची, बहुतेक वेळा लाल दगडाची. तो दगड मिनेसोटाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या पाइपस्टोन नावाच्या खाणीतून यायचा आणि अजून येतो, १९३७ साली अमेरिकन सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक केली आणि तिथून दगड काढायचा हक्क फक्त नोंदणी असलेल्या आदिवासींना ठेवला, आणि तो ते हातानेच काढतात. तर वाटी आणि दांडा एकत्र ठेवत नाहीत. वेगवेगळ्या कापडात गुंडाळून ठेवतात आणि विधीच्या वेळीच जोडतात, जोडलं की पाईप जागा होतो असं त्या बाईने सांगितलं. तिच्या भाषेत शब्दांचे सजीव आणि निर्जीव असे दोन गट आहेत, आपल्याकडे स्त्रीलिंग पुल्लिंग असतं तसे, आणि पाईपला जो शब्द आहे, ओप्वागन, तो सजीवांच्या गटात. तंबाखूसुद्धा सजीव.

हे ऐकलं आणि मला आमचं तरंग, म्हणजे देवाचा लाकडी खांब, आठवलं. तुमचे पेडणे, मांद्रे, सावंतवाडीकडचे वाचक लगेच समजतील. एरवी ते देवळात शांत असतं. दसऱ्याला त्याला लुगडी नेसवतात, निऱ्या काढून, एकावर एक, लाल, हिरवी, पिवळी, मग गाऱ्हाणं घालतात, मग ढोल वाजतो आणि ज्याचा मान आहे तो उपाशी, अनवाणी माणूस ते उचलतो, आणि त्यानंतर आम्ही कोणी त्याला लाकूड म्हणत नाही. देव आला म्हणतो. लहानपणी मी एकदा लुगडं सोडलेलं तरंग बघितलं, नुसता गुळगुळीत खांब, आणि आजीने मला हात धरून बाहेर काढलं, म्हणाली तो विसावलाय, बघायचं नसतं. आता उद्या कोणी परदेशी पेपरात आमच्या तरंगाचा फोटो छापून खाली ‘गोव्यातील साड्या वाळत घालण्याचा खांब’ असं लिहिलं तर पेडण्याच्या पुनवेला जमणाऱ्या माणसांना काय वाटेल? मला त्या फोटोओळीने तेच वाटलं.

दुसरी गोष्ट, त्याच्यावरचं काम. फोटोत जो रंगीत पट्टा दिसतो तो दोऱ्याचा किंवा मण्यांचा नाही, साळिंदराच्या काट्यांचा आहे. आपल्याकडे सत्तरीच्या रानात साळ असते तिचे काटे वीतभर लांब आणि जाड, तिकडच्या साळिंदराचे मात्र बारीक, बोटाएवढे, पांढरे आणि टोकाला काळे, एका जनावराच्या अंगावर तीसेक हजार असतात म्हणे. त्या बाईने एक काटा माझ्या तळहातावर ठेवला, वजनच नाही, आतून पोकळ. असे काटे झाडांच्या मुळा-सालींच्या रंगात रंगवायचे, पाण्यात किंवा तोंडात ठेवून मऊ करायचे, दाताने किंवा नखाने दाबून चपटे करायचे आणि दोन दोऱ्यांवरून एकेक काटा दुमडत, एक संपला की दुसरा त्याच्यात अडकवत वेणी घालत जायचं, बोटभर रुंदीची पट्टी लांब होत जाते आणि मग ती दांड्याभोवती वळसे देत गुंडाळायची, वळशाला वळसा असा लावायचा की रंगांचे चौकोन आपोआप जुळले पाहिजेत. हे काम बायकांचं. दांडा कोरायचा पुरुषांनी, अ‍ॅशच्या नाहीतर सुमॅकच्या लाकडाचा, कारण त्याचा गाभा मऊ असतो आणि तापलेल्या तारेने तो आरपार जाळून काढता येतो. मी इंजिनातला माणूस, मला त्या भोकाचं जास्त कौतुक वाटलं, हातभर लांब चपट्या लाकडातून सरळ भोक काढायचं म्हणजे खायचं काम नव्हे, आणि ते जराही बाजूला गेलं तर सगळं फुकट.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत ‘भेट मिळालेली’. जशी शाल आणि श्रीफळ मिळतं, किंवा मंत्रीसाहेब आले की त्यांच्या हातात समई देतात आणि ती नंतर कपाटावर जाते, तशी. तसं हे नाही हो. असा दांडा देणं म्हणजे राजकारण होतं, तह होता. फ्रेंच त्याला कॅल्युमे म्हणायचे, त्या शब्दाचा अर्थच मुळी नळी किंवा बोरू, म्हणजे नाव सुद्धा दांड्यावरूनच पडलं, वाटीवरून नाही. १६७३ साली मार्केट नावाचा फ्रेंच पाद्री मिसिसिपी नदीतून खाली जात होता तेव्हा इलिनॉय लोकांनी त्याला पिसं लावलेला असा एक दिला, आणि पुढे दक्षिणेत अनोळखी लोक शस्त्रं घेऊन अंगावर आले तेव्हा त्याने तो उंच धरून दाखवला आणि ते थांबले. म्हणजे पासपोर्ट म्हणा, परवाना म्हणा. नंतर अमेरिकन सरकारने चांदीची पदकं काढली आदिवासी प्रमुखांना द्यायला, १८०१ च्या जेफरसनच्या पदकावर दोन हात एकमेकांत गुंतलेले आहेत आणि वर कुऱ्हाड आणि पाईप एकमेकांवर आडवे. सरकारलाही माहीत होतं की ह्या माणसांशी बोलायचं तर ती भाषा पाईपची आहे.

आपल्या भाषेत बघा ना, विडा उचलणे म्हणतो आपण. दरबारात तबकात विडा ठेवलेला असायचा आणि ज्याने उचलला तो बांधला गेला, मग मागे फिरणं नाही. लग्न ठरलं की सुपारी फुटते, साखरपुडा होतो, त्या साखरेची किंमत किती आणि सुपारीची किंमत किती हे कोणी विचारत नाही, पण नंतर कोणी शब्द फिरवला तर दोन घरं पिढ्यानपिढ्या बोलत नाहीत. ओजिब्वे दांड्याचं हे असं आहे. तो चारी दिशांना, वर आभाळाकडे, खाली जमिनीकडे दाखवून मग ओढायचा, धूर छातीत घ्यायचा नाही, नुसता सोडायचा, तो जे बोललं गेलं ते वर घेऊन जातो. ज्याने ओढला तो आणि ज्याला दिला तो, दोघेही बांधले गेले. घेणारासुद्धा.

ह्यातलं एक प्रकरण मला तोंडपाठ आहे. १८५० मध्ये अध्यक्ष टेलरनी हुकूम काढला की लेक सुपीरियरच्या ओजिब्व्यांनी आपला मुलूख सोडून पश्चिमेला जावं. ते जात नाहीत बघून अधिकाऱ्यांनी काय केलं, तहाप्रमाणे दरवर्षी मिळायचे ते पैसे आणि धान्य नेहमीच्या ला पॉइंटला न देता शेकडो मैल लांब सँडी लेकला देणार असं जाहीर केलं, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. माणसं गेली, तिथे काहीच तयार नव्हतं, डिसेंबरपर्यंत थांबवलं, जे थोडं मिळालं ते कुजकं, हगवण आणि गोवर पसरला, आणि तिथे आणि परतीच्या वाटेवर बर्फात मिळून चारशेच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर १८५२ मध्ये त्यांचा प्रमुख केचेवाइश्के, ज्याला गोरे लोक चीफ बफेलो म्हणायचे, नव्वदी उलटलेला म्हातारा, बर्चच्या सालीच्या होडीत बसून निघाला आणि मजल दरमजल करत वॉशिंग्टनला पोचला. अध्यक्ष तेव्हा फिलमोर. भेट झाली तेव्हा म्हाताऱ्याने आधी तक्रार नाही मांडली, आधी पाईप पेटवला, फिलमोरनी ओढला, सगळ्यांनी ओढला, आणि मग बोलणी. हुकूम मागे घेतला गेला. १८५४ मध्ये ला पॉइंटला तह झाला आणि त्यांना त्यांच्याच मुलखात कायमच्या राखीव जमिनी मिळाल्या, आमचं जहाज जिथे गहू भरत होतं तिथून जवळच त्यातली एक आहे, फाँ ड्यू लाक. म्हातारा पुढच्या वर्षी गेला.

म्हणून मला ‘भेट मिळालेली चिलीम’ हे शब्द सहन होत नाहीत. चारशे माणसं गेल्यावर सुद्धा ज्यांनी तो समोर धरला त्यांच्या हातातली ती वस्तू आहे.

आणि हा सगळा इतिहास झाला असंही नाही. १८३७ च्या तहात ओजिब्व्यांनी खूप मोठा मुलूख दिला पण त्यात लिहून घेतलं की शिकार, मासेमारी आणि तळ्यातला रानभात गोळा करायचा हक्क आमचा राहील. हा रानभात म्हणजे मनोमिन, होडीत बसून दोन काठ्यांनी ओंब्या वाकवून झोडायचा, दाणे होडीतच पडतात. मिनेसोटा राज्य म्हणालं तो हक्क कधीच संपला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने सांगितलं की संपलेला नाही. मासे आणि भातासाठी एकशे साठ वर्षं शब्द धरून ठेवला त्या लोकांनी! आपण गोंयकार, आपल्याला हे कोणी समजावून सांगायला पाहिजे का.

आपल्या पेडण्याचंही तेच आहे. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं. आधी तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नव्या काबिजादीत, म्हणजे पेडण्यासारख्या नंतर घेतलेल्या मुलखात, धर्माला आणि रीतीभातींना हात लावणार नाही असं त्यांनी कबूल केलं होतं. आमचं तरंग आज उभं राहतं त्यामागे तो कागदावरचा शब्दही आहे. तो शब्द कोणी ‘एक जुना पोर्तुगीज कागद’ म्हणून दाखवला तर कसं चालेल?

‘रेड इंडियन’ बद्दल तर दोनच वाक्यं लिहितो. कोलंबस चुकीच्या किनाऱ्याला लागला आणि त्याने त्यांना आपलं, म्हणजे भारतीयांचं, नाव ठेवलं, रंग नंतर लोकांनी लावला. पोर्तुगीज गोव्यातल्या माणसांना कानारी म्हणायचे, आपल्या भाषेलासुद्धा, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना ते लागायचं, मग आपण दुसऱ्याला त्याच्या नावाने हाक मारायला काय हरकत आहे, ओजिब्वे तीन अक्षरी शब्द आहे, जागा पण कमी लागते.

त्याच लोकांची आणखी एक वस्तू तर आपल्या नाकासमोर आहे आणि कोणाला पत्ता नाही. हरमलच्या रस्त्यावर दर चार दुकानांत ड्रीमकॅचर लटकतात, टॅक्सीवाल्यांच्या आरशालाही असतात, प्लास्टिकच्या पिसांचे, कुठल्या कारखान्यात बनतात देव जाणे. ती मुळात ओजिब्व्यांची, विलोच्या फांदीचं छोटं कडं आणि त्यात खाजकुयलीसारख्या एका झाडाच्या वाखाचं जाळं, बाळाच्या पाळण्यावर बांधायचं, कोळ्याचं जाळं म्हणून, वाईट ते अडकावं म्हणून. माझ्या नातीच्या खोलीत पण एक आहे. तिला मी हे सांगितलं तर तिने ते काढलं नाही, पण शाळेत जाऊन मैत्रिणींना कोणाचं आहे ते सांगितलं. मला तेवढं पुरे.

अजून एक आठवलं ते लिहितो. त्या काचेतल्या दांड्याला गरुडाची पिसं होती. तिकडे गरुडाचं पीस नुसतं सापडलं म्हणून घरी ठेवलं तरी गुन्हा आहे, पण नोंदणी असलेल्या आदिवासींना विधीसाठी मिळतं, मेलेले गरुड सरकार कोलोरॅडोत एका ठिकाणी जमा करतं आणि अर्ज करणाऱ्यांना पाठवतं, त्यासाठी थांबावं लागतं फार. आपल्या घुमटाचं, त्या मातीच्या वाद्याचं बघा, घोरपडीच्या कातड्याशिवाय तो नाद नाही असं जुने वादक सांगतात, कायद्याने घोरपड बंद झाली ते योग्यच, आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आता पाहुण्यांना छोटी घुमटं भेट म्हणून देतात. चांगलं आहे. पण सोबत एक कागद तरी द्यावा की हे कुठल्या आरतीला वाजतं, कुठल्या सुवारीला वाजतं, कोणी मढवलं. बाणावलीला ब्रिक्सची परिषद झाली, नंतर शांघाय संघटनेचे परराष्ट्र मंत्री आले, पुढेही कोणी ना कोणी येत राहणार, आणि आपण दिलेली वस्तू त्यांच्या देशात कुठल्यातरी काचेत जाणार. शंभर वर्षांनी तिथला कोणी खाली काय लिहील ते आपण आज काय सांगतो त्यावर आहे.

तर माझी विनंती एवढीच. पुढच्या रविवारी तोच फोटो परत छापा, थोडा मोठा, म्हणजे काट्यांची वीण दिसेल, आणि खाली लिहा: ओजिब्वे लोकांच्या विधीच्या पाईपचा दांडा, तह-बोलणीच्या वेळी दिलेला. आणि तो मूळ कुठल्या संग्रहालयाचा फोटो आहे ते तुमच्याकडे असेल तर कोणी दिला, कोणाला दिला, काय कबूल करून दिला तेही शोधून लिहा, तुमच्याकडे मुलं आहेत, इंटरनेट आहे, एक ईमेल पाठवली तर तिकडचे लोक उत्तर देतात असा माझा अनुभव आहे. जमलं तर पुरवणीत अर्धं पान द्या, आमच्यासारखे पुष्कळ तारवटी घरी बसून आहेत ज्यांनी अशा वस्तू आणि अशी माणसं बघितली आहेत, विचारलं तर सांगतील.

मी तुम्हाला माझ्याकडचा फोटो पाठवला असता पण तो नाही. त्या दिवशी मी कॅमेरा काढला तेव्हा त्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली, आणि निघताना तिने पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढून काचेच्या खालच्या कडेला ठेवली, देवळात आपण फूल ठेवतो तशी, आणि मला बोटाने दाखवलं, तूही ठेव. मी ठेवली.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तारवटी, पेडणे